माळ, अरण्य आणि कायदा : माळरानाच्या संरक्षणातील शब्दांचा प्रश्न

नाशिक जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचीत गेल्यास एकाच जिल्ह्यात दोन भिन्न प्रदेश नांदत असल्याचे दिसून येते. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेत असलेल्या येवला व नांदगाव या तालुक्यांत तो सुमारे पाचशे मिलिमीटरांवर येतो. पहिल्या प्रदेशास लोक जंगल म्हणतात, दुसऱ्यास माळ. २००८ ते २०२२ या काळात राज्य शासनाने या जिल्ह्यात बोरगड, ममदापूर, अंजनेरी, कळवण, मुरागड, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे घोषित केली. त्यांपैकी पूर्वेकडील माळावरचे क्षेत्र एकच आहे, ते म्हणजे येवला तालुक्यातील ममदापूर. बाकीची डोंगरांत व झाडीत आहेत.

ही विषमता केवळ योगायोगाची मानता येत नाही. काळवीट, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, तणमोर आणि माळढोक हे उघड्या गवताळ भूमीचे रहिवासी आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांची स्थिती डोंगरातील प्राण्यांहून अधिक बिकट आहे. असे असता त्यांच्या निवासभूमीस कायद्याचे संरक्षण इतके थोडे का मिळाले, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याची आर्थिक व राजकीय उत्तरे आहेतच. परंतु एक उत्तर भाषेचेही आहे. कायदा ज्या वस्तूचे रक्षण करू इच्छितो, त्या वस्तूस त्याच्या परिभाषेत नाव असावे लागते. माळास तसे नाव नाही. तो कधी ‘वन’ म्हणून नोंदला गेला, कधी ‘पडीक’ म्हणून. ‘माळ’ म्हणून तो कायद्यासमोर क्वचितच उभा राहिला. या नामकरणाचा इतिहास आणि त्याचे परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. जुने शब्द

‘जंगल’ हा शब्द उच्चारताच आज दाट झाडी डोळ्यांपुढे येते. या शब्दाचे मूळ असलेल्या संस्कृत ‘जाङ्गल’ या संज्ञेचा अर्थ मात्र जवळजवळ उलट होता. आयुर्वेदाने भूमीचे जाङ्गल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले. त्यांपैकी आनूप म्हणजे पाणथळ व दाट वनस्पतींचा प्रदेश. जाङ्गल म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ व काटेरी झाडांचा आणि हरणांचा प्रदेश. फ्रेंच संशोधक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अर्थपरिवर्तनाची सविस्तर चर्चा केली आहे. म्हणजे आज ज्याला आपण माळ म्हणतो, तेच एके काळी खरे ‘जंगल’ होते. शब्द झाडीकडे सरकला आणि मूळ भूमी निनावी राहिली.

धर्मशास्त्राची साक्षही अशीच आहे. कृष्णसार मृग म्हणजे काळवीट जेथे स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञकर्मास योग्य, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. राजाने जाङ्गल देशात वास्तव्य करावे, असेही तिच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. त्या ग्रंथाची समाजव्यवस्था हा येथे विषय नाही. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की, उघड्या गवताळ भूमीस या परंपरेने ओसाड मानले नव्हते.

‘माळ’ हा शब्दही असाच जुना आहे. कालिदासाच्या मेघदूतात ‘माल’ क्षेत्राचा उल्लेख येतो आणि टीकाकार मल्लिनाथ त्याचा अर्थ डोंगराळ, उंचवट्याची भूमी असा देतो. मराठीतील माळ याच अर्थाच्या जवळचा आहे : उंच, कोरडी, मुरमाड, पातळ मातीची जमीन. माळढोक या पक्ष्याच्या नावात तोच शब्द आहे. माळावर राहणारा ढोक, अशी ती फोड आहे. मराठीत ‘रान’ हा शब्द आणखी बोलका आहे. शेतकरी ‘रानात जातो’ तेव्हा तो नांगरलेल्या शेतात जातो, आणि रानडुक्कर म्हणताना तेच रान मनुष्यवस्तीपलीकडचे असते. कसलेली व न कसलेली भूमी यांमध्ये इंग्रजी भाषा जशी भिंत घालते तशी मराठीने घातली नाही. या भेदाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

माळाच्या प्राचीनतेविषयी अलीकडे एक उल्लेखनीय काम झाले आहे. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासून, पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षांपासून गवताळच आहे, असे दाखवून दिले. मूळचे अरण्य तोडल्यामुळे माळ निर्माण झाला, ही समजूत त्यामुळे बरीच ढासळते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हेही ध्यानात घ्यावे की, येथे जुने ग्रंथ परिसरविज्ञानाचा पुरावा म्हणून उपयोगी पडले आहेत.

२. ‘पडीक’ या नोंदीचा जन्म

माळाचे नाव बदलण्यास महसुली मोजणी कारणीभूत झाली. मुंबई इलाख्यातील मोजणीची तत्त्वे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तीन अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात स्थिर झाली. शेतांना क्रमांक मिळाले, मातीची प्रतवारी आण्यांत झाली आणि जमिनीच्या सर्व गुणांचे माप एकच ठरले : तिच्यावर सारा किती बसेल. ज्या भागावर पीक येत नाही तो ‘पोटखराबा’ झाला, ज्यावर कोणी पेरीत नाही ती ‘पडीक’ झाली. या संज्ञा साऱ्याच्या हिशेबापुरत्या योग्यच होत्या. परंतु कागदावरील संज्ञा हिशेबापुरती राहत नाही. ‘येथे सारा बसत नाही’ याचे रूपांतर दोन-तीन पिढ्यांत ‘येथे काहीच नाही’ असे झाले.

गावाच्या दृष्टीने मात्र त्या जमिनीवर पुष्कळ काही होते. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते होती. त्यांवर गावची गुरे आणि धनगरांचे कळप पोसले जात. दख्खनच्या पठारावरील अनेक धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन पश्चिमेकडे उतरतात आणि पावसाळ्यात माळावर परततात. वाटेवरच्या शेतकऱ्याच्या शेतात मेंढ्या बसवून त्यास खत देतात. हा व्यवहार महसुली कायद्यास सर्वस्वी अज्ञात होता असे नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी किंवा वैरणीसाठी शासकीय जमीन राखून ठेवता येते. ‘गायरान’ या प्रचलित शब्दामागे हीच तरतूद आहे. परंतु तीत जमीन राखली जाते ती गुरांसाठी. गवत, त्यातील पक्षी व श्वापदे यांचा समग्र प्रदेश म्हणून माळ तेथेही येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘पडीक’ हा शब्द नियोजनाच्या परिभाषेत शिरला. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० पासून केंद्र शासनाने देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले. त्यांच्या वर्गवारीत झुडपी जमिनीही आहेत आणि वाळवंटातील वाळूही आहे. येथे दख्खनचा माळ व राजस्थानचा मरुप्रदेश, जे भूगोलाच्या दृष्टीने निराळे, ते एका रकान्यात आले. वनांच्या गणनेतही असेच घडले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत एक हेक्टरहून मोठ्या क्षेत्रावर झाडांचे छत्र दहा टक्के वा अधिक असेल तर ते वनाच्छादन, त्याहून कमी असल्यास झुडपी क्षेत्र. ज्या भूमीचा धर्मच झाडे विरळ असण्याचा आहे, ती या मापाने नेहमी नापास होणार हे उघड आहे.

नापास विद्यार्थ्यास सुधारण्याचा प्रयत्न होतो, त्याप्रमाणे माळासही सुधारण्याचे प्रयत्न झाले. वनखात्याने माळांवर चर खणले, गिरीपुष्प व सुबाभूळ यांची लागवड केली. हेतू चांगला होता. परिणाम तसा झाला नाही. काळविटाचे संरक्षण त्याच्या वेगात व दूरवरच्या दृष्टीत आहे. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. माळढोक चहूकडे नजर पोहोचेल अशी जागा विणीसाठी निवडतो. तेथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या म्हणजे या प्राण्यांचे घर बांधले जात नाही, मोडले जाते.

३. वनाच्या नावाने संरक्षण

भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन (संवर्धन) अधिनियम, १९८० या दोहोंचा विषय ‘वन’ होता. पण ‘वन’ म्हणजे काय, याची व्याख्या त्यांत नव्हती. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द त्याच्या कोशगत अर्थाने घ्यावा, असा आदेश दिला. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास यातील मर्म सहज कळेल. देशातील लक्षावधी हेक्टर जमिनीचे भवितव्य एका शब्दाच्या कोशातील अर्थावर येऊन ठेपले. त्या आदेशाने पुष्कळ झाडी वाचली. परंतु कोणत्या भाषेचा कोश घ्यावयाचा, हा प्रश्न त्यात अनुच्चारित राहिला. इंग्रजी कोशातील वन म्हणजे प्रामुख्याने वृक्षांनी व्यापलेला विस्तीर्ण प्रदेश. मराठीतील रान त्याहून व्यापक, आणि माळरान हे रानच. २०२३ च्या दुरुस्तीने अधिनियमाची व्याप्ती अधिसूचित व अभिलेखात नोंदलेल्या वनांपुरती आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ चाच अर्थ तूर्त पाळण्यास राज्यांना सांगितले. या वादात दोन्ही बाजूंनी चर्चा झाली ती वनाची. माळ जेथे योगायोगाने वनखात्याच्या कागदावर ‘वन’ म्हणून नोंदला आहे तेथेच त्यास आधार मिळतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची दृष्टी त्या मानाने मोकळी आहे. त्यातील संरक्षित क्षेत्र वृक्षाच्छादित असलेच पाहिजे असे नाही. पण त्याच्या मराठी परिभाषेत ‘अभयारण्य’ हा शब्द रूढ झाला आणि माळाच्या रक्षणासाठीही अरण्याचेच नाव घ्यावे लागले. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य १९८० चे. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे नान्नज येथील माळढोक अभयारण्य. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र १९७९ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. माळढोक हा त्या वेळी विशेष चर्चेतील पक्षी होता. त्यास राष्ट्रीय पक्षी करावे असा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा आग्रह होता, परंतु १९६३ साली तो मान मोरास मिळाला. उद्देशाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या क्षेत्रातील फार मोठा भाग खाजगी शेतीचा होता; त्यात गावे होती, रस्ते होते, बाजार होते. अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे अधिसूचनेनंतर अशा जमिनीत वारसाखेरीज नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. परिणामी जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली, आणि ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत व तुरीत माळढोक निर्धास्तपणे वावरत असे, त्याच शेतकऱ्यास तो पक्षी नकोसा झाला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. पण तोवर पक्षीही कमी झाले होते, आणि आता सोलापूरच्या माळावर माळढोकाचे दर्शन अपवादानेच घडते. पक्ष्यांच्या ऱ्हासास शिकार, सिंचनाने बदललेली पिके, विजेच्या तारा अशी अनेक कारणे आहेत. ती सर्व अभयारण्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. परंतु ज्या भूमीत माणूस व पक्षी एकत्र राहतात त्या भूमीस निर्मनुष्य अरण्याचा साचा लावल्याने पक्ष्यास मित्र लाभले नाहीत, हे मान्य करावे लागते.

४. कॅलिफोर्नियाचे उदाहरण

अशाच प्रकारचा प्रश्न अमेरिकेत वाळवंटाच्या संदर्भात उपस्थित झाला होता. तेथील १९६४ च्या अधिनियमाने मानवी हस्तक्षेपापासून मुक्त अशा भूप्रदेशास स्वतंत्र कायदेशीर दर्जा दिला. त्याचा मसुदा हॉवर्ड झाह्नायझर यांनी तयार केला होता; सप्टेंबरात त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली, तेव्हा झाह्नायझर हयात नव्हते. या दर्जाची कल्पना करताना लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फाच्छादित पर्वत आणि सूचिपर्णी वृक्ष होते. कॅलिफोर्नियाचे वाळवंट हे खाणी, लष्करी सराव व मोटारींच्या शर्यतींना मोकळे असलेले रिकामे मैदान समजले जाई. ते रिकामे नाही, हे पटविण्यात पुष्कळ वर्षे गेली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी १९८६ साली विधेयक मांडले. डायान फाइनस्टाइन यांनी ते पुढे चालविले आणि ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण अधिनियम संमत झाला. डेथ व्हॅली व जोशुआ ट्री यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या प्रकरणातील बोधप्रद भाग मोहावीचा आहे. त्या प्रदेशासही राष्ट्रीय उद्यान म्हणण्याचा मूळ प्रस्ताव होता. पण उद्यान म्हटले की शिकार सर्वस्वी बंद होते, म्हणून विरोध झाला. अखेर त्यास ‘राष्ट्रीय राखीव’ असा वेगळा दर्जा देण्यात आला आणि पूर्वीपासून चालत आलेल्या चराईसही मुदा राहू देण्यात आली. कडव्या संरक्षणवाद्यांना ही तडजोड रुचली नाही. परंतु वेगळा शब्द शोधल्यामुळेच कायदा होऊ शकला, हे नाकारता येत नाही.

५. ममदापूर : मधली वाट

भारतातही असा मधला शब्द कायद्यात आला. १९७२ च्या अधिनियमात २००२ साली दुरुस्ती होऊन ‘संवर्धन राखीव’ व ‘समुदाय राखीव’ असे दोन नवे प्रकार निर्माण झाले. संवर्धन राखीव क्षेत्र शासकीय जमिनीवरच करता येते. त्यासाठी स्थानिक लोकांशी विचारविनिमय आवश्यक असतो. व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, तसेच कृषी व पशुसंवर्धन या खात्यांचे प्रतिनिधी असतात. खाजगी शेत त्यात ओढले जात नाही. नान्नजच्या अनुभवाशी ताडून पाहता या तरतुदींचे मोल कळते.

नाशिक जिल्ह्याने या प्रकाराचा लाभ लवकर घेतला. दिंडोरी तालुक्याच्या बाजूस असलेला बोरगड, ३.४९ चौरस किलोमीटर, हे २००८ साली राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरले. त्यामागे नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक या संस्थेचे प्रयत्न होते. २०१४ साली ममदापूर येथील ५४.४६ चौरस किलोमीटर क्षेत्र घोषित झाले. ममदापूर, राजापूर व आसपासच्या गावांचा हा माळ काळविटांसाठी प्रसिद्ध आहे.

येथे अडचणी नाहीत असे नव्हे. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात काळविटे वस्तीकडे येतात, रस्त्यावर वाहनांखाली सापडतात, उघड्या विहिरींत पडतात. पेरणीनंतर कळप शेतात उतरले की कोवळे पीक नाहीसे होते. भरपाईची तरतूद आहे, पण गेलेला हंगाम भरपाईने परत येत नाही. तथापि हे तंटे समितीपुढे मांडता येतात, कारण समितीत गाव बसलेले आहे. शिवाय हे क्षेत्र आधीपासून वनखात्याच्या ताब्यात होते, म्हणूनच ते राखीव होऊ शकले, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही. त्याला लागून असलेला महसुली पडीक माळ दिसण्यात तसाच असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो निराळा राहतो. काळविटास ही सीमा दिसत नाही.

६. मरुभूमीतून आलेला इशारा

नावाविना राहिलेल्या भूमीचे काय होते, याचे उत्तर पश्चिम राजस्थानात मिळते. जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांतील ३,१६२ चौरस किलोमीटरांचे मरु राष्ट्रीय उद्यान हा माळढोकाचा आज सर्वांत मोठा आधार आहे. जगभरात सुमारे दीडशेच माळढोक उरल्याचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुतेक या भागात आहेत. उद्यानाबाहेरची मरुभूमी मात्र सरकारी वर्गवारीत पडीक. म्हणून सौर व पवन ऊर्जेचे प्रकल्प तेथेच येणे ओघाने आले. जड देहाच्या, समोरची दृष्टी अधू असलेल्या माळढोकास विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. एका मादीचे वर्षाकाठी बहुधा एकच अंडे, हे ध्यानात घेता एकेका पक्ष्याचा मृत्यू किती महाग पडतो ते कळेल.

१९७२ च्या अधिनियमाच्या मसुद्यात ज्यांचा प्रमुख वाटा होता, ते एम. के. रणजितसिंह हेच या प्रश्नी सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारांसंबंधी निर्बंध घातले व जेथे शक्य तेथे त्या जमिनीखालून नेण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये, स्वच्छ ऊर्जेची गरज लक्षात घेऊन, तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. येथे दोन सद्हेतू एकमेकांसमोर उभे राहिले, आणि त्यांतील एकाची निवड करणे न्यायालयासही सोपे गेले नाही. परंतु ही भूमी प्रारंभापासूनच ‘रिकामी’ म्हणून नोंदली गेली नसती, तर प्रकल्पांची जागा ठरवितानाच हा विचार झाला असता, आणि तो पक्षी न्यायालयात पोहोचण्यापूर्वी झाला असता.

७. उपसंहार

नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेश व वाळवंटे यांविषयीच्या कृतिदलाने २००६ सालीच या दोन उपेक्षित प्रदेशांचा एकत्र विचार करून राष्ट्रीय चराई धोरणाची शिफारस केली होती. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेश व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्यात भूमी व पशुपालक यांची नावे शेजारी ठेवली आहेत, ही दखलपात्र गोष्ट होय. माळ गवतामुळे आणि गवत चाऱ्याच्या व्यवस्थेमुळे टिकले. मेंढपाळास हाकलून माळ वाचविण्याचा कायदा करणे म्हणजे नान्नजची चूक पुन्हा करणे होय.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी प्राप्त होतात. महसुली व वन अभिलेखांत माळ अथवा गवताळ भूमी हा स्वतंत्र वर्ग असला पाहिजे, म्हणजे ‘वन’ ठरल्याशिवाय संरक्षण नाही, ही अवस्था संपेल. अशा वर्गातील भूमीवर वृक्षलागवड हा विकास समजला जाऊ नये. आणि तिचे व्यवस्थापन ममदापुराप्रमाणे गावाच्या सहभागाने, हंगामी मेंढपाळांसही त्यात स्थान देऊन, व्हावे.

यासाठी नवा शब्द घडविण्याचीही आवश्यकता नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यात आजही ‘गवतपड’ अशी नोंद आढळते. तलाठ्याच्या लेखणीने गवत पाहिले होते, त्यास नाव दिले होते; त्यापुढे ‘पड’ हे अक्षर जोडले ते साऱ्याच्या हिशेबामुळे. कायद्याने त्या नोंदीतील पहिला अर्धा भाग गंभीरपणे वाचावा, इतकीच अपेक्षा आहे.